जपान ट्रिपचा शेवटचा दिवस जपानी काकूंच्या घरी घालवायचा का? मुक्काम करावा की नको?

खिडकीजवळची सीट:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. आम्ही तिघं, मी, नवरा आणि दहा वर्षांची लेक, एप्रिलमध्ये अकरा दिवस जपानला चाललोय. टोकियो, कानाझावा, क्योटो आणि परत टोकियो. हॉटेलं बुक झालीत, बाकी सगळं ठरलंय, अडलंय ते फक्त शेवटच्या दिवसाचं.

झालंय असं की मी तीन वर्षं जपानी शिकतेय आणि त्यातली अडीच वर्षं दर शनिवारी एका जपानी काकूंशी ऑनलाइन बोलते, अर्धा तास जपानीत आणि अर्धा तास इंग्रजीत. काकू ६८ वर्षांच्या आहेत, यजमान चार वर्षांपूर्वी गेले, आता मुलगा-सून आणि आठ वर्षांचा नातू यांच्याबरोबर राहतात. टोकियोशेजारच्या चिबा प्रांतात साकुरा नावाचं गाव आहे तिथे. आम्ही येतोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या की शेवटच्या दिवशी आमच्याकडेच या, रात्री इथेच झोपा आणि सकाळी इथूनच एअरपोर्टला जा, नारिता इथून जवळ आहे. मी हो-नाही काहीच बोलले नाही, विचारून सांगते म्हटलं.

आता घरात तीन मतं आहेत. नवऱ्याला शेवटचा दिवस टोकियोत शॉपिंगसाठी मोकळा हवाय, आणि ओळख फक्त स्क्रीनवरची असताना तिघांनी जाऊन कोणाच्या घरी झोपायचं हे त्याला फार अवघड वाटतंय. लेकीला अर्थातच डिस्नीलँड. आणि मला खरं सांगू का, मला कुठलंही देऊळ, कुठलाही टॉवर बघायला मिळाला नाही तरी चालेल पण काकूंना एकदा प्रत्यक्ष भेटायचंय. माझे बाबा गेले त्या महिन्यात मी कोणाशीच नीट बोलत नव्हते तेव्हा त्या दर शनिवारी कॉलवर यायच्या, आणि मी गप्प राहिले तर त्याही गप्प बसून राहायच्या, एकदाही कॉल लवकर बंद केला नाही. त्यामुळे माझ्यासाठी ही नुसती पाहुणचाराची गोष्ट नाहीये.

पण भीती पण वाटते. त्या मनापासून बोलवतायत की रीत म्हणून? शेवटचा दिवस सोमवार आहे, मुलगा-सून नोकरीला जाणार, त्यांच्यावर भार पडेल का? आम्ही शाकाहारी (अंडं चालतं), ते कसं सांगायचं? चार मोठ्या बॅगा त्यांच्या घरात कुठे ठेवायच्या? फ्लाइट मंगळवारी सकाळी साडेअकराची आहे, नारिताहून. कोणी असं राहिलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.


रानवाटा:

मी सहा वर्षं चिबामध्येच होतो, तेव्हा यावर बोलायचा थोडा हक्क आहे माझा.

आधी तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न, मनापासून की रीत म्हणून. जपानीत "कधीतरी घरी या हं" हे वाक्य खूप जण बोलतात आणि ते बहुतेक वेळा गोड बोलणंच असतं, त्यावर लगेच तारीख विचारायची नसते. पण ज्याला खरंच बोलवायचंय तो तपशिलात शिरतो. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठलं स्टेशन, झोपायची सोय काय. तुमच्या काकूंनी दिवस सांगितला, मुक्काम सांगितला, सकाळी एअरपोर्टला कसं जायचं तेही सांगितलं. हे रीत म्हणून कोणी करत नाही. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण त्या वरवर बोलल्या असतील या शंकेने म्हणू नका.

दुसरं म्हणजे गाव. नाव साकुरा असलं तरी चेरीच्या फुलांचा संबंध नाही, उच्चार तोच पण लिहायची कांजी म्हणजे चित्राक्षरं वेगळी. टोकियोच्या उएनोहून केइसेई नावाच्या रेल्वे कंपनीच्या लाइनने तासाभरात पोचता आणि तिथून एअरपोर्ट साधारण अर्ध्या तासावर. नारिता एअरपोर्ट टोकियोच्या मध्यापासून साठेक किलोमीटर लांब आहे, त्यामुळे सकाळच्या फ्लाइटला साकुराहून निघणं हे टोकियोतल्या हॉटेलातून निघण्यापेक्षा कितीतरी सोपं. तुमच्या मिस्टरांना हा मुद्दा पटेल बघा. फक्त लक्षात ठेवा की गावात साकुरा नावाची दोन स्टेशनं आहेत, एक जेआर या दुसऱ्या रेल्वेचं आणि एक केइसेईचं, आणि दोन्ही एकमेकांपासून बरीच लांब आहेत, बॅगा घेऊन चालायला तर नाहीच. काकूंना नेमकं विचारून घ्या. आणि सकाळी एअरपोर्टला जाताना येईल त्या गाडीत चढू नका, काही गाड्या केइसेई-नारितालाच, म्हणजे नारिता गावातल्या स्टेशनलाच संपतात, बोर्डावर शेवटचं स्टेशन नारिता एअरपोर्ट आहे ना ते बघा.

बॅगांचं उत्तर एकदम सोपं आहे, त्या घरी न्यायच्याच नाहीत. जपानमध्ये ताक्क्युबिन म्हणजे बॅगा पोचवायची सर्व्हिस १९७६ पासून आहे आणि ती इतकी मुरलेली आहे की हॉटेलच्या रिसेप्शनवर फॉर्म भरून दिला की बॅगा थेट एअरपोर्टच्या काउंटरवर. पण एअरपोर्टसाठी दोन दिवस आधी द्यायला लागतात, म्हणजे मंगळवारच्या फ्लाइटसाठी रविवारी सकाळीच द्या, सोमवारी देऊन चालणार नाही. एका मोठ्या बॅगेला दोन ते साडेतीन हजार येन धरून चाला. तुमच्या टर्मिनलचा काउंटर सकाळी किती वाजता उघडतो ते मात्र आधी बघून ठेवा. मग काकूंकडे पाठीवरच्या सॅकमध्ये एका रात्रीचे कपडे आणि पासपोर्ट, बस. पासपोर्ट चुकून मोठ्या बॅगेत गेला तर काय होईल ते सांगायला नको.

सोमवारचं म्हणाल तर तो दिवस काकूंबरोबर आणि संध्याकाळ सगळ्यांबरोबर असंच होईल. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तिकडे शाळेचं नवीन वर्ष सुरू होतं, नातू दुपारी दप्तर घेऊन येईल, सून-मुलगा संध्याकाळी. गावातलं इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय फार सुंदर आहे, जुन्या साकुरा किल्ल्याच्या जागेवर, १९८३ चं. पण सोमवारी बंद. सामुराईंची जुनी घरं पण सोमवारी बंद. पण त्या घरांजवळ हियोदोरीझाका नावाची बांबूच्या बनातून उतरणारी पायवाट आहे, तिला ना तिकीट ना सुट्टी. तिथे लेकीला नक्की न्या.


शून्य प्रहर:

माझा अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहितोय, घाबरवायला नाही.

आम्ही नारामध्ये एका ओळखीच्या कुटुंबाकडे शेवटचा दिवस घालवला होता, मुक्काम नव्हता, सकाळी जाऊन संध्याकाळी कन्साई एअरपोर्ट. मी त्यांना नुसतं "संध्याकाळची फ्लाइट आहे" एवढंच सांगितलं होतं. तोदाईजी देवळात गेलो, तो १५ मीटरचा बुद्ध बघितला, हरणांना बिस्किटं दिली, मग जेवण, मग त्यांच्या आईला भेटायला, मग चहा, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं आता निघूया म्हणावं पण ते इतक्या उत्साहाने पुढचं ठरवून बसलेले की तोंडातून शब्द फुटेना. त्यांना वाटलं मला घाई नाही. मला वाटलं त्यांना एअरपोर्टचा अंदाज आहे. शेवटी विमानतळाची बस चुकली आणि त्या गृहस्थांनी स्वतःच्या गाडीने सोडलं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचलो. फ्लाइट मिळाली. पण ते गृहस्थ काउंटरपर्यंत आले आणि माझ्यापुढे वाकून माफी मागायला लागले, त्यांच्या चुकीमुळे आम्हाला त्रास झाला म्हणून. चूक सगळी माझी होती हो. निरोप घ्यायला सुद्धा वेळ नव्हता, नीट बघितलं सुद्धा नाही त्यांच्याकडे, धावत सुटलो. पाच वर्षं झाली, अजून तो चेहरा डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून एकच सांगतो, जायचं तर जा, पण निघायची वेळ आकड्यात सांगा. "संध्याकाळी" नाही, "सकाळी" नाही. "आम्ही सात चाळीसला घरातून निघणार" असं. आणि ते पोचल्यावर नाही, आठवडाभर आधी लिहून पाठवा. तिकडचा यजमान पाहुण्याला कधीच "आता उशीर होईल, निघा" म्हणणार नाही, तो हाकलल्यासारखा वाटेल म्हणून. वेळ राखायचं काम पाहुण्याचं.

मुक्कामाबद्दल माझं मत, तुम्ही आधी कधीच भेटला नाहीत तर पहिल्याच भेटीत रात्र राहणं दोन्हीकडून ताणाचं होऊ शकतं. जेवून रात्री नारिताच्या हॉटेलात जा, तिकडे एअरपोर्टजवळ भरपूर आहेत. भेट पण होईल आणि सुनेला सकाळी तुमच्यासाठी उठायला पण लागणार नाही.


भटकंती२४:

लेकीचा मुद्दा कोणी घेतलाच नाही म्हणून लिहितेय. दहा वर्षांच्या पोरीला शेवटच्या दिवशी मोठ्यांच्या गप्पांत बसवलं तर ती वैतागेल आणि तिचं वैतागणं तुमच्या काकूंना दिसेल. डिस्नीलँड पण चिबातच आहे, उरायासुला. ते आधीच्या टोकियोच्या दिवसांत घ्या, जमल्यास शनिवार-रविवार सोडून. एकदा ते झालं की ती काकूंकडे खुशीत येईल. आणि तिला आत्तापासून पाच-सहा जपानी वाक्यं शिकवा, तिची स्वतःची म्हणून. आठ वर्षांच्या नातवाला भाषा लागत नाही, पण मुलीला आपण तिथे "कोणीतरी" आहोत असं वाटायला हवं.


खिडकीजवळची सीट:

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. शून्य प्रहर, तुमचं वाचून पोटात कालवलं. मी कालच काकूंना फ्लाइट किती वाजता, एअरपोर्टला किती वाजता पोचायचं, घरातून किती वाजता निघणार असं सगळं लिहून पाठवलं. आणि मुक्कामाचा भार होणार असेल तर रात्री हॉटेलला जाऊ असंही लिहिलं. त्यावर काकूंचं नाही, त्यांच्या मुलाचं उत्तर आलं! त्याने आमच्यासाठी सकाळची नेमकी ट्रेन काढून पाठवली आणि खाली लिहिलं की आई गाद्या उन्हात घालायच्या म्हणून रोज हवामान बघतेय, तेव्हा प्लीज राहा. नवऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला ठीक आहे, राहू. डिस्नी ट्रिपच्या दुसऱ्या दिवशीच घेतलं.

आता जेवण आणि भेटवस्तू. आणि घरात वागायचं कसं?


पानगळ:

शाकाहाराचं मी सांगते कारण मी यातून गेलेय. "आम्ही मांस खात नाही" हे वाक्य जपानमध्ये पुरत नाही. ते लोक मांस-मासे टाळून अतिशय प्रेमाने भाजी करतील आणि ती शिजवतील दाशीमध्ये. दाशी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचा पाया असलेलं पाणी, ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या पातळ कातरणांचं असतं. मिसो सूपमध्ये, भाजीत, नूडलच्या रश्शात, अगदी त्या गोडसर अंड्याच्या वळकटीत सुद्धा. त्यांच्या लेखी तो मासा नाहीच, ती चव आहे. त्यामुळे स्पष्ट लिहा की माशाची दाशी पण नको, कोम्बुची म्हणजे समुद्री शेवाळाची किंवा शिताके मशरूमची चालेल. कोम्बुची दाशी त्यांच्याकडे जुनीच आहे, बौद्ध मठातलं जेवण त्यावरच चालतं, तेव्हा काहीतरी अवघड मागितलं असं होत नाही.

पण त्याहून बरं म्हणजे तुम्हीच सुचवा की आपण सगळे मिळून तेमाकीझुशी करूया. टेबलावर भात, नोरीचे म्हणजे वाळवलेल्या शेवाळाच्या पापुद्र्याचे चौकोन, काकडी, अव्हाकाडो, उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, अंडं, त्यांच्यासाठी मासे, आणि ज्याने त्याने आपला आपला गुंडाळून खायचा. कोणाला वेगळं काही रांधायला लागत नाही, मुलं खूश होतात आणि हात चालू असले की न कळणारी भाषा सुद्धा सोपी होते. आमच्या वेळी आजोबा माझ्या मुलाला शांतपणे गुंडाळायला शिकवत होते, दोघांच्यात एक शब्द कॉमन नव्हता.

जेवायच्या आधी इतादाकिमास, झाल्यावर गोचिसोसामा देशिता, हे तुम्हाला माहीत असेलच, लेकीलाही शिकवा. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, दोन्ही गोष्टी तिकडे अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. त्या घरातले आजोबा चारच वर्षांपूर्वी गेलेत म्हणून मुद्दाम लिहिलं.


पाऊसवेडी:

भेटवस्तूचं माझ्याकडे घ्या. महाग काही नको, खरंच नको. तिकडे घेतलेल्या वस्तूची परतफेड करायची पद्धत आहे, तुम्ही भारी काही दिलंत की त्या बिचाऱ्या लगेच त्याच तोडीचं काय द्यावं या विचारात पडतील. खायचं, वाटून घेता येईल असं, एकेक वेगळं पॅक केलेलं असेल तर उत्तम. नग चार किंवा नऊ नकोत, चारचा एक उच्चार मृत्यूसारखा आणि नऊचा दुःखासारखा होतो. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ बरोबर नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतील. घरी गेल्यावर पिशवीतून बाहेर काढून दोन्ही हातांनी द्या, आणि त्यांनी समोर उघडलं नाही तर आवडलं नाही असं समजू नका.

काकूंच्या घरात बुत्सुदान असेल, म्हणजे घरातला छोटा देव्हारा, त्यात गेलेल्या माणसांचं स्मरण ठेवतात. तुमचं खाऊचं पॅकेट बहुतेक आधी तिथे जाईल, मग सगळ्यांच्या पुढ्यात. तुम्ही काकूंना विचारा की काकांना उदबत्ती लावू का. एवढं एक वाक्य जपानीत पाठ करून जा, बाकी सगळं चुकलं तरी चालेल. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

वागायचं म्हणाल तर दारात बूट काढायची जागा खाली असते, तिथे मोजे टेकवायचे नाहीत, बूट काढून थेट वरच्या पायरीवर, आणि बुटांची तोंडं दाराकडे. चपला घालून तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर जायचं नाही. टॉयलेटच्या चपला वेगळ्या, त्या तिथेच सोडायच्या. रात्री तुम्हाला पहिल्यांदा अंघोळीला जा म्हणतील कारण पाहुण्याचा पहिला मान. टबच्या बाहेर बसून साबण लावून पूर्ण स्वच्छ व्हायचं, मग टबात नुसतं शेकत बसायचं, आणि बाहेर आल्यावर पाणी सोडून द्यायचं नाही! त्याच पाण्यात घरातले सगळे एकेक करून बसणार असतात. माझ्या बहिणीने प्लग काढला होता आणि त्या घरातली आजी एक शब्द न बोलता परत टब भरत बसली. बहिणीला तीन महिन्यांनी कळलं, ती त्या रात्रीचं आठवून रडली होती.

आणि निरोपाचं. तिकडे पाहुणा दिसेनासा होईपर्यंत यजमान उभे राहतात. आपण पाठ फिरवून चालू लागतो, फोन बघतो, आणि ते तिथेच असतात. वळणावर, जिन्यावर, जिथून शेवटचं दिसणार तिथे थांबून मागे बघा आणि परत एकदा वाका. तुम्ही वळाल याची ते वाट बघत असतात.


खिडकीजवळची सीट:

मंडळी, आम्ही घरी पोचलो. तीन दिवस झाले, लिहायला बसले की काय लिहू कळत नाही, तरी लिहिते कारण तुमच्यामुळे तो दिवस तसा गेला.

बॅगा रविवारी सकाळी हॉटेलातून गेल्या. सोमवारी अकराला केइसेई-साकुराला उतरलो, काकू गेटच्या पलीकडे उभ्या होत्या. स्क्रीनवर मला त्या उंच वाटायच्या, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतात. मी वाकले, त्या वाकल्या, आणि मग त्यांनीच माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत, पार्किंगपर्यंत तसंच चाललो. मी तीन वर्षांत शिकलेलं सगळं जपानी त्या पाच मिनिटांत विसरले.

आधी नारितासान देवळात नेलं. इसवी सन ९४० मधलं देऊळ, आणि तिथे रोज अग्नीचा विधी होतो त्याला गोमा म्हणतात. मोठे ढोल, मंत्र, ज्वाळा पार वरपर्यंत. काकू हळूच म्हणाल्या की हा शब्द तुमच्याकडून आलाय. होम! होमचं गोमा झालंय. मला हे माहीतच नव्हतं, जपानी बाईने जपानी देवळात मला सांगितलं. लेक डोळे विस्फारून बसली होती, एकदाही मोबाईल मागितला नाही.

मग पाणथळीच्या काठावर ट्यूलिपची शेतं आणि त्यात डच पवनचक्की. मला आधी ते टुरिस्टांसाठी केलंय असं वाटलं, पवनचक्की १९९४ ची आहेही. पण काकू सांगत होत्या की १८४३ मध्ये इथे डच वैद्यकाची शाळा निघाली होती आणि तेव्हा लोक म्हणायचे डच विद्येसाठी पश्चिमेला नागासाकी, पूर्वेला साकुरा. काका याच विषयावर शाळेत तास घ्यायचे, ते इतिहासाचे मास्तर होते. हे अडीच वर्षांत त्या कधी बोलल्या नव्हत्या. बांबूच्या पायवाटेवर मग आम्ही दोघीच पुढे चाललो, बाकीचे मागे राहिले, मुद्दाम राहिले असावेत.

घरी गेल्यावर खाऊचं पॅकेट खरंच आधी बुत्सुदानपुढे गेलं. मी पाठ केलेलं वाक्य बोलले. काकू काही क्षण काही बोलल्याच नाहीत, मग उशी सरकवून दिली. मी उदबत्ती लावली, छोटी घंटा वाजवली, आणि त्या माझ्या मागून काकांना सांगत होत्या, ही ती शनिवारची मुलगी. मला तेवढं नीट समजलं. मग त्या म्हणाल्या तुझ्या वडिलांसाठी पण एक लाव. बाबांचं मी त्यांना एकदाच सांगितलं होतं.

रात्री तेमाकीझुशी. सुनेने कोम्बुच्या दाशीचं मिसो सूप केलं होतं आणि पाकीट दाखवून सगळे घटक वाचून दाखवले, एकेक, बोट ठेवून. नातू आणि माझी लेक कागदाचे बेडूक करून शर्यत लावत होते. नवरा, ज्याला हे सगळं अवघड वाटत होतं, तो मुलाबरोबर दहा वाजेपर्यंत ट्रेनच्या गप्पा मारत होता, अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या हातवाऱ्यांत. टबातलं पाणी आम्ही सोडलं नाही, पाऊसवेडी! गाद्यांना उन्हाचा वास होता.

शून्य प्रहर, सात चाळीसला म्हणजे सात चाळीसलाच निघालो. सात पस्तीसला काकूंचा मुलगाच बूट घालून दारात उभा होता. वेळ आधी ठरलेली असल्यामुळे सकाळी कोणालाच घड्याळ बघावं लागलं नाही, काकूंबरोबर अर्धा तास नुसता चहा पीत बसता आलं. तुमच्या त्या गृहस्थांना एक पत्र लिहा असं मला फार वाटतं. पाच वर्षं झाली असली तरी.

स्टेशनच्या गेटवर मला सायोनारा म्हणायचं नव्हतं, काय म्हणावं सुचेना. तर काकूच म्हणाल्या, इत्तेराश्शाई. घरातलं माणूस बाहेर पडताना म्हणतात ते, जाऊन ये. त्यावर घरातल्याने म्हणायचं इत्तेकिमास. मला रडूच आलं, बोलताच येईना, आणि लेक माझ्या पुढे झाली आणि मोठ्याने म्हणाली, इत्तेकिमास! मग मला हळूच विचारते, आई, म्हणजे आपलं "येते" ना?

जिन्याच्या वळणावर थांबून मागे बघितलं. त्या तिथेच होत्या.

आता एकच विचारायचंय, पोचल्याचा मेसेज लगेच केला, पण हाताने पत्र पण लिहू का? जपानीत लिहिलं तर चुका होतील, इंग्रजीत लिहू का?


शून्य प्रहर:

वाचलं. आज रात्री लिहायला बसतो.


रानवाटा:

जपानीतच लिहा, चुकांसकट. लवकर लिहा, आठवड्याच्या आत पोस्टात पडू द्या. लेकीला खाली दोन ओळी हिरागानात, म्हणजे सोप्या जपानी लिपीत लिहायला सांगा, आणि नातवासाठी एक कागदाचा बेडूक पाकिटात घाला, चपटा करून.